तुर्कस्तानची राजधानी

"जीवरामभाऊ, हॉकीमा आपुन जर्मनीले कितला गोल मारात व्हतात?"

हिलालने समोरच्या चहाच्या दुकानातून ओरडून विचारलं. त्याच्या बाकावर दोन हमाल हमरीतुमरीवर आले होते. एक म्हणत होता सहा, दुसरा म्हणत होता दहा. जीवरामने हातातलं गिऱ्हाईक सोडलं नाही. एका मुसाफिराची हनुवटी त्याने डाव्या हाताने वर उचलून धरली होती, उजव्या हातात वस्तरा होता. मान न वळवता त्याने उत्तर दिलं.

"आठ. त्यासनी आपले एक मारा."

बाकावरचा वाद तिथेच मिटला. बर्लिनच्या त्या सामन्याला दोन वर्षं होऊन गेली होती, पण भुसावळच्या स्टेशनाबाहेर अशा गोष्टी शिळ्या होत नसत. कोणी तरी काही तरी ऐकून येई, दुसरा ते खोटं ठरवी, आणि शेवटी दोघेही जीवराम न्हाव्याच्या खुर्चीपाशी येऊन उभे राहत. तो म्हणेल ते खरं. त्याला कोणी पुरावा विचारत नसे.

मुसाफिरखान्याच्या भिंतीला टेकून त्याचं दुकान होतं. वर पत्रा, खाली एक जाड लाकडी खुर्ची, समोर कडेचा पारा उडालेला आरसा. नागपूरकडची, इटारसीकडची, मुंबईकडची, सगळी माणसं या जंक्शनवर गाडी बदलायला उतरत. इंजिन बदलेपर्यंत किंवा पुढची गाडी लागेपर्यंत दाढी करून घ्यावी म्हणून बाहेर येत. जीवराम त्यांच्या गालाला साबण लावता लावता विचारी, "कुठले आपण? तुमच्याकडे काय विशेष?" माणूस आपल्या गावाबद्दल बोलायला लागला की थांबत नाही, हे त्याला फार लवकर उमगलं होतं. मुलताईच्या एका भटाने त्याला तापीच्या उगमाचं कुंड सांगितलं. इंदूरच्या एका माळ्याने होळकरांच्या मैदानावरच्या क्रिकेटच्या गोष्टी सांगितल्या. सर्कशीतला एक मल्याळी, फिरत्या सिनेमाचं यंत्र चालवणारा एक पारशी, काशीहून परतणारे यात्रेकरू. सगळं जग त्या एका खुर्चीत येऊन बसून गेलं होतं. जीवराम स्वतः मात्र धुळ्याच्या पलीकडे कधी गेला नव्हता. धुळ्यालाही गेला तो लेकीला ट्रेनिंगला पोहोचवायला.

मुसाफिर पैसे देऊन उठला. जीवरामने वस्तरा पुसला आणि एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीला घासला. पोटऱ्यांवरच्या शिरा आता दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या. उभं राहण्याचा धंदा. सकाळी त्राण असे. ऊन वर चढलं की पायांतून एक मुका ठणका सुरू होई आणि दुकान बंद होईपर्यंत चालू राही.

हिलाल चहाचा कप घेऊन रस्ता ओलांडून आला. तो मूळचा धरणगावकडचा, जीवरामपेक्षा वयाने बराच लहान, आणि जीवरामच्या ज्ञानाचा जीवरामपेक्षा त्यालाच जास्त अभिमान.

"भाऊ, शाळावाला गणपतीमा सामान्यज्ञाननी चढाओढ ठेवी राहिनात. कोनी बी उतराव. मी तुमनं नाव दि टाकं."

"काबर?" जीवराम वैतागला. "माले इचारानं तरी. मना पाय दुखतस, हिलाल. दिवसभर उभा ऱ्हास, आनी संध्याकायले तठेबी उभा ऱ्हाऊ?"

"खुर्ची देतीन ना! पार्सल हापिसवाला धनसिंगबाबू बी शे. तो पेपर वाचस रोज. बठ्ठं गाव म्हनस, जीवरामभाऊले कोन हरावाव नही."

जीवरामने चहा घेतला. नाही म्हणायला हवं होतं. पण हिलालचा चेहरा असा उजळला होता की त्याला तेवढंही म्हणवेना.

घरी जेवताना त्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा कमलचा हात ताटातच थांबला.

कमल त्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी लग्न झालं, नवरा वर्षभरात तापाने गेला, आणि ती कपाळ पुसून परत आली. जातीतल्या मंडळींनी तिला चुलीमागे बसवायला सांगितलं होतं. पण त्याच सुमारास पुण्याकडच्या एका डॉक्टरने खुर्चीत बसून जीवरामला सांगितलं होतं की तिकडे अशा मुली शिकून मास्तरणी होतात. जीवरामने ते धरून ठेवलं. कमल सातवीची फायनल परीक्षा पास झाली, धुळ्याला जाऊन ट्रेनिंग करून आली, आणि दोन वर्षांपूर्वी भुसावळच्या मुलींच्या शाळेत लागली. नेमणूक अजून कच्ची होती. शाळा चालवणाऱ्या मंडळातल्या काहींना न्हाव्याच्या पोरीला 'बाई' म्हणणं जड जात होतं, पण तिचा आवाज स्वच्छ होता आणि शिकवणं नेटकं, त्यामुळे ते गप्प होते.

"बाबा, तुम्ही नका जाऊ," कमल म्हणाली. शिकायला लागल्यापासून ती घरातही पुस्तकी बोलायची.

"का?"

"उगीच. दगदग होईल. प्रश्न मलाच वाचायचे आहेत, मोतीलाल मास्तरांनी सांगितलंय."

"मंग ते चांगलंच शे ना."

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. तिची आई भिकुबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "पोर नही म्हनस ते नका जाऊ ना. काय अडनं शे?"

जीवराम लेकीच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहत राहिला. आणि त्याला वाटलं, आपल्याला समजलं. सगळ्या गावासमोर ही बाई म्हणून उभी राहणार, आणि समोर धोतराला साबणाचे डाग पडलेला बाप. शाळेत जाताना ती स्टेशनच्या रस्त्याने येत नसे, बाजारातून वळसा घालून जाई, हेही त्याला तेव्हाच आठवलं.  ते आत कुठे तरी रुतलं. दुखरे पाय, कंटाळा, सगळं बाजूला राहिलं. हात धुऊन उठताना तो म्हणाला, "नाव दिएल शे. जानं पडी."

चढाओढीच्या संध्याकाळी शाळेचं पटांगण भरून गेलं होतं. रेल्वेचे कारकून, फायरमन, बाजारपेठेतले व्यापारी, बाया, पोरंटोरं. गॅसबत्त्यांभोवती पाखरं भिरभिरत होती. सुरुवातीला बरेचजण उतरले होते, पण एकेक करत गळाले आणि शेवटी दोनच राहिले. पार्सल ऑफिसातला धनसिंग आणि जीवराम.

धनसिंग तिशीतला, सडपातळ, बंद गळ्याचा कोट घातलेला. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये वर्तमानपत्रं येत, नुकताच तिथे रेडिओही आला होता. हा रोज तिथे जाऊन बसे. पण माणूस मऊ. मंचावर चढताना त्याने जीवरामला वाकून नमस्कार केला आणि पुढची, पाठ असलेली खुर्ची त्याला दिली.

कमल मधोमध उभी होती. पांढरं लुगडं, हातात प्रश्नांचा कागद. हेडमास्तर मोतीलाल शेजारच्या टेबलाशी बसून गुण मांडत होते. कमलने वर न पाहता पहिला प्रश्न वाचला.

"जीवराम सैंदाणे. तापी नदीचा उगम कुठे होतो?"

"मुलताई."

"बरोबर. धनसिंग राजपूत. असीरगड अकबराने कोणाकडून घेतला?"

"फारुकी राजांकडून."

"बरोबर. जीवराम सैंदाणे. विलायतेत पहिला कसोटी सामना खेळलेल्या हिंदी संघाचा कर्णधार कोण?"

"नायडू. इंदूरवाले."

टाळ्या पडल्या. हिलाल पुढच्या रांगेत मांडी घालून बसला होता. प्रत्येक उत्तराला तो मागे वळून लोकांकडे बघे, जणू उत्तर त्यानेच दिलं होतं. दिल्लीच्या आधी हिंदुस्थानची राजधानी कोणती, असं विचारलं तेव्हा जीवरामने कलकत्ता सांगितलं. पहिला हिंदी बोलपट कोणत्या शहरात तयार झाला, ते धनसिंगने सांगितलं. मग धनसिंग अडखळला. जगातलं सर्वांत मोठं बेट कोणतं म्हटल्यावर तो ऑस्ट्रेलिया म्हणाला, आणि जीभ चावली.

"चूक," कमल म्हणाली. "ग्रीनलंड."

आता जीवरामचा शेवटचा प्रश्न राहिला होता. तो आला की संपलं.  जीवरामच्या पोटऱ्या ठणकत होत्या, पण बसून असल्यामुळे ते दुखणं लांबचं वाटत होतं. त्याला बरं वाटत होतं. खरं म्हणजे कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

कमलने कागदाकडे पाहिलं आणि ती थांबली. 

"तुर्कस्तानची राजधानी कोणती?"

जीवरामचा चेहरा फुलला. हा प्रश्न तर घरचा होता! मोठी लढाई संपल्यावर बसऱ्याहून परतलेला एक शिपाई त्याच्या खुर्चीत बसला होता. खांद्याला जखम, डोळे खोल गेलेले. त्याने तुर्कांच्या राजधानीचं नाव सांगितलं होतं, आणि ते नाव जीवरामला इतकं आवडलं होतं की कमल बोलायला लागल्यावर त्याने ते तिला शिकवलं. एवढीशी पोर ते लांबलचक नाव एका श्वासात म्हणायची आणि गिऱ्हाइकं हसून लोटपोट व्हायची. जीवरामला वाटलं, प्रश्न मोतीलाल मास्तरांनी काढला असेल, पण नशिबाने तो लेकीच्या तोंडून आला.

"कॉन्स्टॅन्टिनोपल!" तो मोठ्याने म्हणाला, आणि तिच्याकडे पाहून हसला.

कमल हसली नाही.  मोतीलाल मास्तर तेव्हाच आलेल्या कोणा पाहुण्याला खुर्ची द्यायला उठले होते. कमलने कागद दुमडला.

"बरोबर," ती म्हणाली.

पटांगण उसळलं. हिलाल तर मंचावरच चढला. कोणी तरी शिट्टी वाजवली. शाल आणि नारळ तबकात ठेवून पुढे आणले गेले. जीवराम उठून उभा राहिला, हात जोडले, आणि सहज म्हणून धनसिंगकडे वळला.

धनसिंगने तोंड उघडलं होतं, काही बोलायच्या बेतात. मग ते मिटलं. त्याने नजर खाली वळवली आणि तो टाळ्या वाजवू लागला. फार हळू, फार जपून.

जीवराम न्हाव्याचं सगळं आयुष्य माणसांचे चेहरे हातात धरण्यात गेलं होतं. कोण दुखतंय म्हणून दात आवळतोय, कोण लाजेने गप्प आहे, हे त्याच्या बोटांना कळायचं. त्याने धनसिंगचा चेहरा पाहिला, मग कमलचा पाहिला. ती तबकाकडे बघत होती. त्याच्याकडे बघतच नव्हती.

दोघांनाही काही तरी ठाऊक होतं, जे त्याला ठाऊक नव्हतं. आणि दोघांनीही ते त्याला सोडून दिलं होतं. पाय घसरलेल्या म्हाताऱ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात, तसं.

मोतीलाल मास्तरांनी शाल उचलली तेव्हा त्याने हात पुढे करून त्यांना थांबवलं.

"बाई," तो कमलला म्हणाला. चारचौघांत तो तिला पहिल्यांदाच बाई म्हणत होता. "लई गलका व्हता. मी काय बोलनू ते तुमले नीट ऐकू उनं नही व्हई. मी परत सांगस. मी कॉन्स्टॅन्टिनोपल सांगं. ते बरोबर शे का?"

"बाबा..." ती पुटपुटली.

"बरोबर शे का चूक शे, तितलंच सांगा."

पटांगणातले आवाज हळूहळू बसले. कमलने एकदा मोतीलाल मास्तरांकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"चूक," ती म्हणाली. तिचा तो स्वच्छ आवाज मागच्या रांगांपर्यंत गेला.

"मंग गुण काढी टाका, मास्तर. बाईस्नी चूक नही. त्यासले ऐकू उनं नही."

शेवटचा प्रश्न चुकला तर तो दुसऱ्याला विचारायचा, या नियमाप्रमाणे तो धनसिंगकडे गेला. धनसिंग उठला, कोटाची कड चाचपत म्हणाला, "अंकारा." इतक्या हळू की मास्तरांनी त्याला दोनदा विचारलं. मागून कोणी तरी ओरडलं, "गया रे, जीवराम गया!" आणि हशा पिकला. वाईट मनाने नव्हे. खेळात हसतात तसे लोक हसले. पण बराच वेळ हसले. शाल धनसिंगच्या खांद्यावर पडली. त्याला ती नकोशी झाली होती हे जीवरामला दिसत होतं. त्यानेच मग पुढे होऊन शालीचं टोक नीट केलं.

 घरी आल्यावर दार लावून कमल म्हणाली, "कशाला उठलात? कोणाला कळलं नव्हतं."

"धनसिंगले कयनं व्हतं."

"तो बोलला नसता."

"तेच तर. तो बोलता नही, तू बोलती नही, आनी मी शाल पांघरीसन घर येतू." जीवराम भिंतीला टेकून खाली बसला, पाय लांब केले. "तुले उद्या वर्गमा उभं ऱ्हानं शे, पोरी. पोरीस्ले चूक-बरोबर सांगनं शे."

कमल दारातच उभी राहिली. मग त्याने ते विचारलं, जे इतके दिवस मनात होतं.

"तू माले नका जाऊ म्हने. तुले मनी लाज वाटस ना?"

"लाज?" ती एकदम बोलली, आणि तिची पुस्तकी भाषा गळून पडली. "लाज नही, बाबा. तुमनं बठ्ठं जुनं व्हई जायेल शे. ते मी कोन्हा तोंडे सांगू?"

भिकुबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

 लाज जीवरामने सोसली असती. तिची तयारी त्याने केली होती. मग त्याने विचारलं, "कव्हय बदलनी ती राजधानी?"

"मी लहान होते तेव्हाच," कमल खाली बसत म्हणाली. "शाळेतसुद्धा जात नव्हते."

म्हणजे तो तिला मांडीवर घेऊन ते नाव म्हणायला लावत होता, गिऱ्हाइकं हसत होती, तेव्हाच राजधानी तिथून हललेली होती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तुर्कस्तानाकडून आलेला दुसरा कोणी माणूस त्याच्या खुर्चीत बसला नव्हता.

"कोठली राजधानी कोठे गयी, त्यान्हं आपले काय?" भिकुबाई म्हणाली. "उठा, हातपाय धुवा. भाकर थंडी व्हई राहिनी."

दुसऱ्या दिवसापासून दुकान नेहमीसारखं उघडलं. गिऱ्हाइकं येत होती, दाढ्या होत होत्या. हमाल जाता जाता विचारत, "काय भाऊ, आज राजधानी कोठे शे?" आणि जीवराम हसून म्हणे, "जठे व्हती तठेच." हिलाल मात्र हसत नसे. तो चहा आणून द्यायचा आणि कप रिकामा होईपर्यंत शेजारी उभा राहायचा. नाव आपणच दिलं हे त्याच्या जिवाला लागलं होतं. वाद व्हायचे थांबले नव्हते, पण आता माणसं म्हणत, "धनसिंगबाबूला विचारू, त्यांच्याकडे रेडिओ आहे."

जीवरामने मुसाफिरांना विचारणं सोडलं नाही. फक्त विचारण्याची तऱ्हा बदलली. मुलताईकडचा एक शेतकरी खुर्चीत बसला तेव्हा त्याने विचारलं, "तापीचं कुंड अजून तिथंच आहे ना?" शेतकरी साबणातून हसला. "नदी कुठे जाणार, भाऊ?" जीवराम मान हलवून म्हणाला, "तसं नाही. विचारून ठेवलेलं बरं." इंदूरचं, नागपूरचं, काशीचं, जे जे त्याने जमवलं होतं ते ते तो परत एकदा ठोकून बघत होता. हे काम फार दमवणारं होतं. नवं ऐकताना अंगात हुरूप यायचा. जुनं तपासताना तो येत नसे. काही दिवसांनी त्याने तेही सोडून दिलं. वस्तऱ्याचा खरखराट तेवढा दुकानात ऐकू येऊ लागला.

गणपती विसर्जन झाल्यावर कमलच्या वर्गात एका मुलीने दुसरीला काही तरी सांगितलं आणि सगळा वर्ग खुसखुसला. कमलने विचारलं तेव्हा ती मुलगी निरागसपणे उभी राहिली. "बाई, ही म्हणते की तुमच्या बाबांना काहीच येत नाही."

मधल्या सुट्टीत कमल मोतीलाल मास्तरांच्या खोलीत गेली. तिथे मंडळाचे एक सभासद शाळेच्या कौलांच्या दुरुस्तीबद्दल बोलत बसले होते. ती थांबली नाही.

"सर, त्या दिवशी मला नीट ऐकू आलं होतं. उत्तर चूक आहे हेही ठाऊक होतं. वडिलांनी माझ्यासाठी चूक स्वतःवर घेतली."

मोतीलाल मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. चांगला माणूस होता, पण थकलेला. "कमलबाई," ते म्हणाले, "हे मला सांगायलाच हवं होतं का?"

"हो."

"मी एकटा असतो तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं."

"म्हणूनच आत्ता सांगितलं, सर."

मंडळाची बैठक झाली. जे इतके दिवस गप्प होते त्यांना आता बोलायला जागा मिळाली. एका गणपतीच्या खेळापायी कोणाला कामावरून काढणं बरं दिसेना, पण मंडळाने सातपुड्याच्या पायथ्याशी एक नवी शाळा काढली होती. सावद्याच्या स्टेशनवर उतरून बैलगाडीने दिवसभराचा रस्ता. तिथे जायला कोणी तयार नव्हतं. कमलला तिथे पाठवायचं ठरलं.

जीवरामने ऐकलं तेव्हा तो वस्तरा पट्ट्यावर परजत होता. "मंग मी कशाले उभा राहिनू तठे?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "मनं बोलनं पानीमा गयं ना सगळं."

कमल त्या दिवशी शाळा सुटल्यावर स्टेशनच्या रस्त्याने आली होती. खुर्ची रिकामी होती, म्हणून ती खुर्चीच्या हातावर टेकली. समोरचा हिलाल हातातली किटली तशीच धरून बघत राहिला.

"लोक तुम्हाला हसत होते," ती म्हणाली. "मला ते सहन होईना. दुसरं काही नाही."

 जीवरामने वस्तऱ्याची धार अंगठ्यावर बघितली आणि वस्तरा मिटून ठेवला.

दिवाळीनंतर तो तिला पोहोचवायला गेला. भिकुबाई मागून सामान घेऊन येणार होती. धुळ्याची ती खेप सोडली तर इतक्या वर्षांत जीवरामने दुकान आपणहून बंद ठेवलं नव्हतं. हजामतीच्या सामानाची धोकटीही घरीच ठेवली. सावद्याला उतरल्यावर आमश्या नावाचा गाडीवान गाडी घेऊन उभा होता. पहिल्यांदा दोन्ही बाजूंना केळीचे मळे, ओल्या मातीचा वास. मग केळी संपल्या, ज्वारी लागली, आणि पुढे नुसते दगड आणि पळस. डोंगर जवळ येत गेला. जीवराम गाडीच्या कठड्याला धरून सगळं बघत होता. एरवी त्याने आमश्याला दहा गोष्टी विचारल्या असत्या. आमश्यानेच शेवटी विचारलं, "बाबा, आजारी शेतस का?"

"नही रे. थकी गऊ."

ते पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. गावच्या पाटलाने ओसरीवर झोपायची सोय केली. सकाळी शाळा उघडली. कुडाच्या भिंतींची एकच खोली होती, शेणाने सारवलेली, एका कोपऱ्यात कोणी तरी शेळी बांधून ठेवलेली. जीवरामने शेळी बाहेर नेली, खराट्याने खोली झाडली, कमलचा फळा भिंतीला टेकवून उभा केला. गाडी दुपारी परत निघणार होती. तोवर काय करायचं म्हणून तो मागच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला आणि पाय पसरले.

मुली एकेक करून आल्या. भिलांच्या, तडव्यांच्या, दोन पाटलाच्या घरच्या. दारात घुटमळल्या, आधी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे, आणि मग पुढे जाऊन दाटीवाटीने बसल्या. कमलने त्यांना उभं करून उगवतीकडे तोंड करायला लावलं. पाठीमागे मावळत, उजवीकडे दक्षिण, डावीकडे उत्तर. उत्तरेला काय दिसतं?

"डोंगर!" सगळ्या ओरडल्या.

"या डोंगराला सातपुडा म्हणतात."

"मालूम शे," एक मुलगी म्हणाली. तिच्या कडेवर लहान भाऊ होता. "पन डोंगरन्या तिकडे काय शे, बाई?"

डोंगराच्या पलीकडे निमाड होतं, नर्मदा होती. तिकडची किती तरी माणसं त्या खुर्चीत बसून गेली होती. त्यांचे घाट, त्यांच्या मिरच्या, त्यांच्या जत्रा कमलने लहानपणी जेवताना ऐकल्या होत्या. असा प्रश्न कोणीही विचारला की उत्तर बाबांनी द्यायचं, अशी तिच्या मनाची सवय होती. तिने मागे पाहिलं.

जीवरामची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं होतं, पाय सरळ पसरलेले, हात मांडीवर उताणे पडलेले. कुडाच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप त्याच्या गुडघ्यावर होती. तो गाढ झोपला होता.

मुलींनीही मागे वळून पाहिलं. एक फिसकन हसली.

कमलने ओठांवर बोट ठेवलं. मग ती त्यांच्यापाशी खाली बसली, आवाज अगदी हळू केला, आणि डोंगराच्या पलीकडचं सांगू लागली.